पायाखालची ढुशी

पायाखाली ब्रेकनं ढुशी दिली. दुखलं काही नाही, पण जमुनाबाईंच्या काळजात धस्स झालं. घर्रर्र असा आवाज आला, पेडल तळव्याखाली थरथरलं, आणि गाडी जिथं थांबायची तिथं न थांबता हातभर पुढं सरकून आक्कासाहेबांच्या कण्हेरीच्या कुंडीला टेकली. कुंडी डगमगली, पडली नाही. समोर पिवळा दिवा लागला, तोच तो, एबीएसवाला. जमुनाबाईंनी एक दीर्घ श्वास घेतला आणि दिव्याकडे डोळे वटारून म्हणाल्या, "आलास? ये बाबा, ये. आज मी तुला सोडत नाही." बाहेर धारचं कोवळं ऊन पडलं होतं, गल्लीत कुणीतरी पोह्यांना फोडणी दिली होती त्याचा वास येत होता, आणि हा असा छान गुरुवार एका पिवळ्या दिव्यानं नासवावा याचा त्यांना सडकून राग आला. राग आला म्हणजे त्यांचं डोकं नीट चालायचं. देवासच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी सगळी उमर तक्रारींच्या टेबलावर काढली होती. एकशे अठ्ठ्याण्णव फिरवलं की त्यांचा आवाज यायचा. लोक भडकलेलेच असायचे, आणि जमुनाबाईंना भडकलेल्या माणसांची सवय होती, स्वतःची धरून.

आता दिव्याची गंमत अशी, की किल्ली फिरवून इंजिन बंद केलं की तो जायचा. पुन्हा चालू केलं की लागायचा आणि विझायचा, सगळ्या शहाण्या दिव्यांसारखा, आणि मग देवासपर्यंत परत म्हणून त्याचं दर्शन नाही. दसऱ्यानंतर हे चाललं होतं. दर गुरुवारी त्या नणंदेकडे, म्हणजे आक्कासाहेब राजाबाईंकडे, यायच्या; देवासहून निघायचं, इंदूरचा बायपास धरायचा, बेटमा, घाटाबिल्लोद करत धार. आणि धार आलं की कधीतरी ढुशी, कधीतरी दिवा. प्रत्येक खेपेला नाही, तीच तर पंचाईत. घरी जाऊन पियुषला, मुलाला, दाखवायला जावं तर गाडी गरीब गाय. पियुषनं सर्व्हिस सेंटरला नेली, त्यांनी बॅटरी जुनी झालीय म्हणून नवी घातली, धुऊन पुसून परत दिली. मग एका रविवारी पियुष स्वतः धामनोदपर्यंत जाऊन आला, घाट उतरला, चढला, ढाब्यावर जेवला. काहीच नाही. "आई, दिवा मी मानतो," तो म्हणाला, "आजकालच्या गाड्यांत फालतू दिवे लागत असतात. पण ते पेडल थरथरतं म्हणतेस ना, ते पेडल नाहीये. इतकी लांब गाडी चालवून पाय थकतो तुझा. पाय थरथरतो." आणि लगेच सुनेनं, कृतिकानं, वाढायला घेतलं, म्हणजे विषय संपला. विषय कसला संपतोय. पियुषच्या एका मित्रानं, विहंगनं, गाडी घ्यायची तयारी दाखवली होती. रविवारी यायचा होता तो. त्याच्याआधी काय तो दोष गाडीत सापडला तर सापडला. नाही तर किल्ली विहंगकडे, आणि जमुनाबाई घरी.

त्यांना बसनं धारला येता आलं असतं, टॅक्सी होती, पियुष म्हणायचा तसं "एक फोन कर, दारात". पण तो मुद्दाच नव्हता. मुद्दा होता पाय. ही गोष्ट त्यांनी कुणाजवळ काढली नव्हती, आक्कासाहेबांजवळसुद्धा नाही. नवऱ्याचं, पियुषच्या आबासाहेबांचं, म्हणजे प्रतापरावांचं असंच सुरू झालं होतं. आधी चहाच्या बशीत कप नुसता किणकिणायचा. दोघं हसले होते, ते म्हणाले होते, थंडी आहे. मग सही वाकडी व्हायला लागली. मग एक दिवस त्यांनी गाडीची किल्ली मुकाट्यानं ओट्यावर आणून ठेवली आणि म्हणाले, "जमुना, आता तू शीक." बाई अठ्ठावन्न वर्षांच्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या, सायकलपलीकडे काही चालवलेलं नाही. शिकल्या. हाटपिपल्याच्या रस्त्यावर मोकळं असतं, तिथं प्रतापराव शेजारी बसायचे, थरथरता हात मांडीखाली दाबून ठेवायचे आणि तोंडानं हुकूम सोडायचे, "क्लच! अगं क्लच म्हणतोय मी, हॉर्न नव्हे!" त्या दिवसांत दोघं जितके भांडले तितके आधीच्या संसारात भांडले नसतील, आणि जितके हसले तितकेही नसतील. पुढं इंदूरच्या डॉक्टरांकडे त्याच त्यांना नेत-आणत होत्या, अगदी शेवटपर्यंत. म्हणून गाडी म्हणजे नुसती गाडी नव्हती, आणि 'पाय थरथरतो' हे शब्द पियुष सहज बोलून गेला तरी त्यांना सहज ऐकता येत नव्हते. तेव्हापासून त्या पायाची परीक्षा घेत होत्या. भांडी घासताना एका पायावर उभं राहायचं. आंघोळीला बसलं की उजवा तळवा लांब धरून बघायचं. कधी अगदी स्थिर असायचा, कधी वाटायचं, हलला का? बघत बसलं की कुणाचाही पाय हलतो, हे त्यांना कळत होतं. पण कळून काय होतं. भीती वाटायची, आणि भीती वाटते याची लाज वाटायची.

"जमुना, उतर की! अंगणात येऊन दिव्याशी काय बोलतेस?" आक्कासाहेब दारात आल्या होत्या. "आक्कासाहेब, उतरत नाही. इंजिन बंद केलं की हा पळून जाईल. मालोजीला दाखवून येते." "अगो, पण पोहे?" "झाकून ठेवा!" असं म्हणून त्यांनी गाडी मागं घेतली, कण्हेरीला मनातल्या मनात हात जोडले आणि निघाल्या. मालोजीचं गॅरेज इंदूर नाक्याकडे. मालोजी प्रतापरावांच्या दोस्ताचा मुलगा, आडवा उभा सारखाच, आवाज असा की जॅक लावायच्या आधीच गाडी उचलली जाईल. सगळी वाट जमुनाबाई पिवळ्या दिव्यावर नजर ठेवून होत्या, पोरगं बाजारात हात सोडून पळेल अशा धास्तीनं. सिग्नलला इंजिन बंद पडू नये म्हणून उगाच रेस देत होत्या, शेजारचा रिक्षावाला म्हणाला, "माताजी, रेस लगाना है क्या?" त्या म्हणाल्या, "लगाना है, भिया, पर आज नहीं." आणि त्यांना एकदम फार बरं वाटलं. पुरावा घेऊन चाललो आहोत, जिवंत पुरावा! गॅरेजच्या दारात त्यांनी काच खाली केली आणि मालोजीनं "या काकीसाब, या या!" करत, पुढं होऊन, पंचवीस वर्षांच्या सवयीनं आत हात घातला आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"अरे मेल्या!" जमुनाबाई ओरडल्या. मालोजीला कळेना. कळल्यावर त्यानं स्वतःच्या कपाळावर अशी चापट मारली की काळ्या बोटांचे ठसे उठले. किल्ली पुन्हा फिरवली. दिवा लागला, विझला. गरीब गाय. पण मालोजी हार मानणाऱ्यातला नव्हता. त्यानं कपाटातून टॅब्लेट काढला, तो नवीन होता आणि त्याचा त्याला भारी अभिमान होता, स्टिअरिंगखाली तार जोडली आणि गाडीच्या मेंदूला काय आठवतंय ते विचारलं. मेंदूला आठवत होतं. उजवं पुढचं चाक. सिग्नल मधूनच जातो. "बघा, काकीसाब! बोलली गाडी." मग त्यानं समजावून सांगितलं, आणि जमुनाबाईंना ते चटकन समजलं, कारण शेवटी सगळ्या तारा सारख्याच. चारही चाकांपाशी एकेक सेन्सर असतो, चाक किती फिरतंय ते तो कळवत राहतो. एखाद्याचा निरोप बंद झाला आणि गाडी हळू चालली असली, की एबीएसला वाटतं, चाक जाम झालं, गाडी घसरते आहे. मग ते ब्रेक सोडतं, धरतं, सोडतं, धरतं. त्याची थरथर पेडलमधून वर येते. "म्हणजे पायाला लागतं ते पेडलचंच?" "असू शकतं," मालोजी म्हणाला. असू शकतं! जमुनाबाईंना त्या क्षणी 'असू शकतं' हा शब्द मराठीतून काढूनच टाकावासा वाटला. त्यांना 'आहे' हवं होतं.

मालोजीनं मीटर लावून तार मोजली, बरोबर. सेन्सर काढून पुसला, स्वच्छ. मग त्यानं ठामपणे जाहीर केलं की गाडी तापल्यावर तार फुगते, दुसरं कारणच नाही. देवासहून धार येईपर्यंत गाडी तापते, म्हणून धारलाच होतं. मग दोघं गाडी तापवायला निघाले, मांडूच्या रस्त्यानं, मालोजी चालवतोय आणि जमुनाबाई शेजारी टॅब्लेट मांडीवर धरून बसलेल्या. पडद्यावर चार आकडे, चार चाकांचे. साठ, साठ, साठ, साठ. चाळीस, चाळीस, चाळीस, चाळीस. चार मैत्रिणी हातात हात घालून चालल्यासारखे आकडे चालले होते, एकही मागं राहीना. उन्हं वर आली, गाडी चांगली तापली, मालोजीनं ब्रेक दाबून पाहिले, खड्ड्यातून नेली. काही नाही. परत येताना मालोजी, त्याला जमेल तितक्या हळू आवाजात, म्हणाला, "काकीसाब, एक विचारू? राग नका मानू. लंबा सफर झाला की तुमचा पाय..." "मालोजी, पुढचा शब्द काढलास तर मी इथंच उतरेन," त्या म्हणाल्या. त्यानं पुढचा शब्द काढला नाही. पण तो शब्द आता गाडीत होता, पियुषनं धामनोदहून आणलेला आणि मांडूच्या रस्त्यानं परत आलेला. जमुनाबाईंनी साडीच्या निऱ्यांखाली उजवा पाय गालिचावर घट्ट रोवून धरला. मनात आलं, द्यावी विहंगला गाडी. निदान कुणाला इजा व्हायच्या आधी. प्रतापरावांनी किल्ली स्वतःहून ठेवली होती. आपल्यालाही तेवढं शहाणपण असावं. डोळ्यांत पाणी यायला लागलं तशी त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

नाक्यावर मालोजीनं गाडी चहासाठी थांबवली. शेजारच्या घराच्या गच्चीवर एक बाई साड्या वाळत घालत होती, झटकून, कोपऱ्याला कोपरा जुळवून, आणि ते बघता बघता जमुनाबाईंना हाटपिपल्याचे ते मास्तर आठवले. किती वर्षं झाली! त्यांचा फोन रोज दुपारी मुका व्हायचा. लाइनमन जाऊन यायचा, 'टेस्ट ओके'. मास्तर पुन्हा फोन करायचे, पोस्टातून, चिडून. लाइनमन म्हणायचा, म्हातारा रिकामा आहे. जमुनाबाईंनी एकदा त्यांना बसवून घेतलं फोनवर आणि विचारलं, मास्तर, फोन बंद पडतो तेव्हा तुमच्या घरात कोण काय करत असतं? मास्तर म्हणाले, कोण काय करणार, मी झोपतो आणि ही धुणं वाळत घालते. कशावर? दोरीवर. कुठल्या दोरीवर? मास्तरीणबाई ओली नऊवारी फोनच्या तारेवर टाकत होत्या, चांगली ताणलेली असते म्हणून. त्या दिवशी एक्स्चेंजमध्ये सगळे इतके हसले की सुपरवायझर उठून आला. जमुनाबाईंनी चहाचा ग्लास खाली ठेवला. तार मोजून दोष सापडत नाही, मालोजी. तो येतो तेव्हा माणूस काय करत असतो ते विचारायचं असतं. हे सगळी नोकरीभर आपण लोकांना विचारलं, आणि स्वतःला? स्वतःला काय विचारलं तर, पाय हलला का! "मालोजी, ढुशी बसली तेव्हा मी काय करत होते?" "काय करत होत्या?" "आक्कासाहेबांच्या अंगणात वळत होते. दर वेळी! धारला नाही रे, आक्कासाहेबांच्या अंगणात. गल्लीतून आत घ्यायचं तर पूर्ण डावीकडे, अगदी स्टिअरिंग फिरायचं थांबेपर्यंत, आणि खाली नालीवरची फरशी, ती खचलेली." मालोजीनं मिशीवरची साय पुसली. "सर्व्हिसवाले नाही गेले त्या अंगणात." "नाही. आणि पियुषही नाही गेला. तो आत्याकडे येतोच कधी!" हे त्या हसतहसत बोलल्या, पण बोलल्या.

गल्लीच्या तोंडाशी जमुनाबाईंनी मालोजीला सांगितलं, "तूच चालव. माझा पाय नको यात." त्यांच्या मांडीवर चार आकडे होते. मालोजीनं स्टिअरिंग डावीकडे टोकापर्यंत फिरवलं. गाडी फरशीवर चढली, उजवं चाक खचक्यात उतरलं, आठ, आठ, आठ, शून्य. "ओ तेरी!" मालोजी बोंबलला, त्यानं पाय असा वर उचलला की गुडघा स्टिअरिंगवर आपटला. "लात मारी इसने! काकीसाब, लाथ मारली मला गाडीनं!" पिवळा दिवा लागला. जमुनाबाईंना काय करावं सुचेना. त्यांनी टाळ्या वाजवल्या. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, नणंदेच्या दारात, भर दुपारी, दोन्ही हातांनी टाळ्या. "परत!" त्या म्हणाल्या, "मालोजी, परत एकदा घे!" आणि त्यानं घेतली, आणि परत लाथ बसली, आणि तो प्रत्येक वेळी ओरडला, आणि आक्कासाहेब ओट्यावर उभ्या राहून म्हणाल्या की जमुना, पोह्यांचा दगड झाला आणि तुम्ही दोघं काय घसरगुंडी खेळताय?

मग मालोजीनं अंगणातच जॅक लावला, चाक काढलं, आणि चाकामागं डोकं घातलं. "काकीसाब, जरा इकडं या." त्या वाकल्या. सेन्सरची काळी तार, बोटाहून बारीक, शेजारच्या ब्रेकच्या नळीला आवळून बांधलेली होती. लाल-पिवळ्या नाडाछडीनं. वेढ्यावर वेढे, वर चिखल, मधे अजून थोडी हळद दिसत होती. जमुनाबाईंनी ती पाहिली आणि त्यांना सगळंच आठवलं. प्रतापरावांचं घराणं पागेवरचं. दसऱ्याला घोड्याच्या उजव्या पुढच्या पायाची पूजा करायची, पाय धुवायचा, हळदकुंकू लावायचं, नाडाछडी बांधायची. घोडे गेले, पण पूजा कशी जाईल? सायकलची झाली, स्कूटरची झाली, आता गाडीची. दर वर्षी त्या चाकाच्या भोकातून बांधायच्या आणि दर वर्षी गाडी धुणारा ती कापून टाकायचा. या दसऱ्याला त्यांनी ठरवलं, बघतेच कसा कापतो. चाकामागं हात घातला, हाताला काहीतरी लागलं, बारीक, गोल, धरायला छान, त्यालाच धरून बांधली. चाक सरळ असेपर्यंत ठीक. डावीकडे पूर्ण फिरून खाली लोंबलं की तार ताणली जायची आणि आतल्या आत तुटलेली टोकं एकमेकांना सोडायची. मालोजीनं गाठ सोडवायला घेतली. नखांनी झालं नाही, पक्कडीनं झालं नाही, शेवटी ब्लेड मागवून घेतलं आक्कासाहेबांकडून. "काय गाठ आहे काकीसाब! ट्रकवाल्यांना शिकवा ही." मग आवाज खाली आणून, म्हणजे फक्त अंगणापुरता ठेवून, तो म्हणाला, "नवीन तार इंदूरहून संध्याकाळच्या बसनं मागवतो. आणि पियुष भियाला सांगू की उंदरानं कुरतडली. रोज येतात तशा गाड्या माझ्याकडे. बिल्कुल शक येणार नाही."

उंदीर चांगलाच होता. उंदीर म्हटलं की पियुष हसला असता, विहंगला नाही म्हणाला असता, आणि जन्मभर 'आई, तू पण ना!' ऐकावं लागलं नसतं. जमुनाबाई ओट्याच्या पायरीवर बसल्या, हातात ती कापलेली नाडाछडी घेऊन. गाठ तशीच होती, टणक, एक धागा इकडचा तिकडं हलायला तयार नाही. अंधारात, चाकामागं, न बघता मारलेली गाठ. त्यांनी ती अंगठ्यानं दाबून पाहिली, पुन्हा दाबून पाहिली, आणि त्यांना इतकं हसू यायला लागलं की पदर तोंडाला लावावा लागला. छे! उंदराला कशाला द्यायची ही गाठ?

त्यांनी फोन लावला. "पियुष, दोष सापडला. गाडीतच होता. मालोजीला लाथ बसली, दोनदा. आणि ऐक, तो मी केला होता." सगळं सांगितलं, नाडाछडी, हात घातला, बांधली, सगळं. पलीकडे पियुष ऑफिसात होता, मागं कुणाचं तरी हिंदीत चाललं होतं, ते बंद झालं. तो बाहेर येऊन उभा राहिला असावा. "म्हणजे तूच केलंस, आई?" "मीच केलं. स्वतःच्या हातानं. चूक सगळी माझी आहे, बोल काय बोलायचं ते." त्या सज्ज होऊन बसल्या. पण तो रागावला नाही. त्यानं वेगळंच विचारलं. "गाठ खरंच सुटत नव्हती?" "पक्कडीनंसुद्धा नाही. ब्लेड लागलं." "आबासाहेबांना शेवटी पायजम्याची नाडीसुद्धा बांधता येत नव्हती गं," पियुष म्हणाला, आणि त्याचा आवाज लहानपणी पडून आल्यावर व्हायचा तसा झाला. "तू ते पेडल थरथरतं म्हणालीस ना, तेव्हापासून मला... मी रोज जेवताना तुझ्या हाताकडे बघतोय, आई. वाटी उचलतेस तेव्हा."

जमुनाबाईंना वाटत होतं, जेवताना तो मोबाइल बघतो.

"वेड्या, आणि मी तुझ्यापासून लपवत होते," त्या म्हणाल्या. "हात ठीक आहे माझा. पायही ठीक आहे. फक्त अक्कल जरा कमी आहे." पियुष हसला, नाक ओढून, मोठ्यानं. "तेवढी चालेल," तो म्हणाला. "विहंगला सांगतो, गाडी नाही मिळणार. आणि तू उद्या निवांत ये. अंधार पडल्यावर नको निघूस." "का? पाय थरथरेल?" "नाही गं," पियुष म्हणाला. "रस्त्यात ट्रक असतात, म्हणून."